‘सिमेंट निकृष्ट होतं’ : एका उत्तराची तपासणी

 

मागच्या व्याख्यानात ‘कारण म्हणजे काय’ या प्रश्नावर बोलताना मी मडकं, कुंभार आणि चाक यांतच तासभर घालवला. संपल्यावर एक गृहस्थ जवळ आले. म्हणाले, “सर, मडकं फुटलं तर कुणी मरत नाही. इमारत पडते तेव्हा कारण कसं शोधायचं, ते सांगा.” मी काहीतरी मोघम बोलून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र ते टोचत राहिलं. का टोचलं ते शेवटी सांगेन, कारण त्यात माझाही हात आहे.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. मी इंजिनिअर नाही. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणजे वाक्यं तपासली. आजही एकच वाक्य तपासायचं आहे. इमारत पडली की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, बातमीत, सोसायटीच्या सभेत, सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं : ‘सिमेंट निकृष्ट होतं.’ कधी ‘सिमेंटच्या जागी नुसती वाळू होती’, कधी ‘हल्लीच्या सिमेंटमध्ये राख असते हो’. हे वाक्य खरं आहे की खोटं, हा एक प्रश्न. पण ते इतक्या लवकर, इतक्या सहज आणि इतक्या सगळ्यांच्या तोंडी कसं येतं, हा मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो.

आधी आपल्या भाषेकडे बघा. आपण म्हणतो, ‘इमारत कोसळली.’ क्रियापद अकर्मक. पाऊस कोसळतो, दरड कोसळते, तशी इमारत कोसळते. कुणी काही केलं नाही, ते झालं. त्यावर ‘पत्त्याच्या बंगल्यासारखी’ ही उपमा तर ठरलेलीच. कर्ता नसलेल्या वाक्यात कर्त्याची जागा रिकामी राहते आणि ती भरायला आपण सिमेंटला बोलावतो. सिमेंट बिचारं निर्जीव. त्याला अटक होत नाही, त्याला जामीन लागत नाही, ते उलट उत्तर देत नाही.

आता आपल्याच आसपासच्या चार घटना घेऊ. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला लकी कंपाउंड पडली. ७४ माणसं गेली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला माझगावात डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मार्केटची इमारत पडली. ती महापालिकेची स्वतःची, राहणारे पालिकेचेच कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. ६१ जण गेले. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई पडली, १७ गेले. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन पडली, १६ गेले, आणि ती इमारत तर दहा वर्षांचीही नव्हती. चारही ठिकाणी लोकांच्या तोंडी सिमेंट आलं. पण या चार इमारती एकमेकींसारख्या होत्या का? माझगाव आणि घाटकोपर इथे तळमजल्यावर केलेल्या फेरबदलांवर बोट ठेवलं गेलं. वर चार मजले माणसं झोपलेली आणि खाली कुणीतरी जागा मोकळी करून घेतोय. अशा ठिकाणी उद्या तुम्ही जगातलं सर्वोत्तम सिमेंट आणलंत तरी, खांबच काढल्यावर ते करणार काय?

नैयायिकांचा इथे उपयोग आहे. त्यांनी कारणाची व्याख्या करताना फार सावधपणा दाखवला. कार्याच्या आधी नेहमी असणारं म्हणजे कारण, एवढ्यावर ते थांबले नाहीत. कारण मग कुंभाराचं गाढवही मडक्याचं कारण ठरेल. ते माती वाहून आणतं, कामाच्या वेळी तिथे उभंही असतं. म्हणून त्यांनी एक वर्ग वेगळा काढला : अन्यथासिद्ध. म्हणजे हजर असलेलं, पण ज्याच्यावाचून अडत नाही ते. गाढव नसतं तर माती डोक्यावरून आणता आली असती. कुंभाराचा बापही असाच. त्याच्याशिवाय कुंभार झाला नसता हे खरं, पण मडक्याचं कारण विचारल्यावर बापाचं नाव सांगणं ही टाळाटाळ आहे.

पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात सिमेंट नेहमीच हजर असतं. पण ते तिथे कुंभार म्हणून असतं की गाढव म्हणून, हे प्रत्येक वेळी वेगळं तपासावं लागतं. आपण ते तपासत नाही. गाढव दिसलं की त्याला बांधून मोकळे होतो.

याचं आधुनिक रूप हवं असेल तर ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांचा १९६५ चा निबंध बघा. त्यांचं उदाहरण आपल्या बातम्यांत रोज असतं : घराला आग लागली, तज्ज्ञ म्हणाले, शॉर्ट सर्किट. मॅकी विचारतात, शॉर्ट सर्किट एकटं पुरेसं होतं का? नाही. जवळ पेट घेणारी वस्तू हवी, आग विझवणारी यंत्रणा नसायला हवी. बरं, ते अटळ होतं का? तेही नाही, आग दुसऱ्या मार्गानेही लागली असती. म्हणजे ते एका जुडग्यातली एक काडी आहे. ती काडी नसती तर ते जुडगं पुरं पडलं नसतं, पण एकटी काडी कशालाच पुरत नाही. निकृष्ट सिमेंट असलंच तर ते अशी एक काडी असतं. आपण ती उपसून दाखवतो आणि जुडगं ज्याच्या हातात होतं तो मागच्या दाराने जातो.

आता, हे वाक्य आपल्या तोंडात बसलं कुठून? माझ्या वयाच्या लोकांना आठवेल. सत्तरच्या दशकात आणि ऐंशीच्या सुरुवातीला सिमेंट परमिटवर मिळायचं. घराला प्लास्टर करायचं म्हटलं तरी अर्ज, शिफारस, खेटे. वडिलांनी गावच्या घराच्या ओट्यासाठी चार पोत्यांचा अर्ज केला होता, त्याची पोचपावती त्यांनी पुष्कळ वर्षं जपून ठेवली. सिमेंट काही आलं नाही. ते दिवस असे की लग्नात साखर आणि बांधकामात सिमेंट कुणाच्या ओळखीने आलं, हे अभिमानाने सांगितलं जायचं. १९८१ मध्ये तर सिमेंटने मुख्यमंत्र्यांची खुर्ची हलवली. ए. आर. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या आणि बिल्डरांना झालेलं सिमेंटवाटप यांचा संबंध मुंबई उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ च्या निकालात मान्य केला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. (पुढचे खटले कितीतरी वर्षं चालले. तो वेगळा इतिहास, त्यात आज शिरत नाही.) फेब्रुवारीच्या शेवटी सिमेंटवरचं नियंत्रण काही प्रमाणात उठलं, पूर्ण उठायला १ मार्च १९८९ उजाडला.

त्या काळापासून ‘सिमेंट’ हा शब्द आपल्याकडे भ्रष्टाचाराचा समानार्थी झाला. आणि त्यात तथ्य होतं, पण वेगळं. साध्या १:२:४ च्या मालाला एका घनमीटरमागे साधारण सहा-साडेसहा पोती लागतात. पोतीच मिळत नसतील, काळ्या बाजारात दुप्पट भाव असेल, तर साडेसहाच्या जागी साडेचार घालण्याचा मोह कुणाला होणार नाही? तिथे सिमेंट खराब नव्हतं, कमी होतं. दर्जा आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र कमी सिमेंटला खराब सिमेंट म्हणायला लागलो, आणि टंचाई संपून तीन दशकं उलटली तरी तेच म्हणतो आहोत.

आज सिमेंट ही बांधकामावरची सगळ्यात जास्त तपासलेली वस्तू आहे. कारखान्यात बनते, आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. बाकीचं बघा. वाळू कुठून आली? आमच्या ठाण्याच्या बाजूला कळव्या-मुंब्र्याच्या खाडीकाठाला रेतीबंदरच आहे. खाडीची वाळू नीट धुतली नाही तर तिच्यातलं मीठ काँक्रीटमध्ये जातं आणि आतल्या सळईला गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. पोपडे पडतात, आपण म्हणतो, “सिमेंटने दम सोडला.” सिमेंटने नाही सोडला, मिठाने सोडवला.

पण मला सगळ्यात जास्त पाण्याबद्दल बोलायचं आहे. निवृत्तीनंतर माझ्या खिडकीसमोर एक इमारत उभी राहत होती. दोन वर्षं मी ती रोज बघितली, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा प्रबंध वाचावा तशी. सिमेंटचं पोतं ५० किलोचं. सिमेंटची रासायनिक क्रिया पूर्ण व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी लागतं. बाकीचं पाणी माल हलवता-ओतता यावा म्हणून. पोत्याला २५ लिटर पाणी घातलं तर प्रमाण निम्मं पडतं, चांगलं काँक्रीट होतं. आता दुपारचे दोन वाजलेत, ऊन आहे, माल घट्ट झालाय, सळयांच्या जाळीत उतरत नाही. मुकादम म्हणतो, “मार अजून एक बादली.” बादली १५ लिटरची. २५ चे ४० झाले, प्रमाण शेकडा ५० वरून ८० वर गेलं. जादा पाणी पुढे उडून जातं आणि आत बारीक पोकळ्या ठेवून जातं. ताकद जवळपास निम्म्यावर येते. अमेरिकेतल्या डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्येच दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंट यांच्या प्रमाणावर ठरते. शंभर वर्षं झाली. आणि त्या बादलीला किंमत किती? शून्य. तिचं बिल नाही, पावती नाही, पुरावा नाही. सिमेंट चोरलं तर कुणाला तरी पैसे मिळतात. ही बादली मात्र पैशासाठीही मारलेली नसते. काम सोपं व्हावं म्हणून मारलेली असते. दुष्टपणा नाही, नुसती दमणूक. अशा कारणाला आपल्या नैतिक भाषेत शब्दच नाही, म्हणून आपण सरळ ‘निकृष्ट सिमेंट’ म्हणतो.

दुसरं पाणी म्हणजे नंतर मारायचं. स्लॅब टाकल्यावर निदान सात दिवस, मिश्र सिमेंट किंवा कोरडी गरम हवा असेल तर दहा दिवस तो ओला ठेवला पाहिजे, असं आयएस ४५६ हे मानक सांगतं. समोरच्या इमारतीत पहिल्या स्लॅबवर आळी करून पाणी भरलेलं मी पाहिलं, चिमण्या अंघोळ करायच्या. चौथ्या स्लॅबपर्यंत आळी गेली, दिवसातून एकदा नळी फिरायची. सहाव्याला रविवारी कुणीच नव्हतं. हार्ट आणि होनोरे या दोघा विधिज्ञांचं १९५९ चं पुस्तक आहे, कायद्यातल्या कार्यकारणभावावर. त्यात माळ्याने पाणी घातलं नाही म्हणून फुलं सुकल्याचा विचार आहे. फुलांना पाणी तर त्या देशाच्या राणीनेही घातलं नव्हतं, मग दोष माळ्याचाच का? कारण घालणं हे त्याचं काम होतं. न घडलेली गोष्ट कारण ठरते ती कुणाचं तरी कर्तव्य ठरलेलं असतं म्हणून. मी विचारलं होतं हो, खाली जाऊन. “पाणी मारायचं काम कुणाचं?” वॉचमन म्हणाला, सेंट्रिंगवाल्याचं. सेंट्रिंगवाला म्हणाला, आमचं नाही, गवंड्याचं. गवंडी हसला आणि म्हणाला, “बाबा, टँकर आला तर मारतो.”

आता लकी कंपाउंडकडे येतो, कारण तिथे आपल्या वाक्याची खरी परीक्षा आहे. तिथे माल निकृष्ट होता, असं सगळ्यांनी सांगितलं, आणि मला ते नाकारायचं नाही. पण सात मजले उभे राहायला किती काळ लागला? दोन-तीन महिने. परवानगी नाही, जागा वनखात्याची. खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायला आलेली आणि वर काम चालू. आता साधा हिशेब करा. काँक्रीटचा नियम असा की १५ सेंटिमीटरचा ठोकळा करून तो पाण्यात ठेवायचा आणि २८ व्या दिवशी यंत्रात दाबून फोडायचा. त्याला क्यूब टेस्ट म्हणतात. लांब गाळ्याच्या तुळईखालचे टेकू २१ दिवस काढायचे नाहीत. सात मजले साठ ते नव्वद दिवसांत, म्हणजे मजल्यामागे नऊ ते तेरा दिवस. पहिल्या मजल्याचा ठोकळा फोडायचा दिवस यायच्या आत डोक्यावर दोन-तीन मजले चढलेले. तिथे कुणी ठोकळे भरले असतील असं मला वाटत नाही, पण भरले असते तरी निकाल येईपर्यंत माणसं आत झोपलेली होती. अशा वेळी सिमेंट उत्तम प्रतीचं असतं तर काय झालं असतं? कदाचित इमारत त्या दिवशी पडली नसती. पुढच्या पावसाळ्यात पडली असती, पूर्ण भरल्यावर.

आणि इतक्या घाईचं कारण काय? कारण अनधिकृत इमारतीत माणसं राहायला आली की ती पाडणं अवघड होतं. म्हणजे ती कुटुंबं तिथे भाडेकरू नव्हती फक्त, ती ढाल होती. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता, पण दुसरा शब्द सापडला नाही. पुढे अटक झालेल्यांत बिल्डरांबरोबर ठाणे महापालिकेचे अधिकारी आणि पोलीसही होते. पोलिसांनी सिमेंट कालवलं नव्हतं. मग ते कारणांच्या यादीत कसे आले? कारण तपास करणाऱ्यांनी निदान एकदा तरी ‘माल कसा होता’ याच्या पुढचा प्रश्न विचारला : हे उभं कसं राहू दिलं?

त्यानंतर वीसच दिवसांनी, २४ एप्रिलला, ढाक्याजवळ राणा प्लाझा पडली. १,१३४ माणसं गेली, बहुतेक शिवणकाम करणाऱ्या मुली-बायका. तिथेही निकृष्ट माल होता, वाढवलेले मजले होते, जनरेटरची थरथर होती. पण आदल्या दिवशी खांबांना भेगा दिसल्या होत्या. इमारतीतल्या बँकेने आपली माणसं घरी पाठवली. कारखान्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांना परत बोलावलं. खांब एकच, भेग एकच, सिमेंटही एकच. बँकेची माणसं वाचली. मला याहून स्पष्ट प्रयोग माहीत नाही.

याच्या अगदी उलट टोकाचं उदाहरण नायजेरियाचं. तिथे लागोपाठ इमारती पडत होत्या आणि २०१४ मध्ये थेट सिमेंटच्या ग्रेडवरच वाद पेटला. ३२.५ ग्रेडचं सिमेंट लोक स्लॅब-खांबाला वापरतात म्हणून इमारती पडतात, असं एका बाजूचं म्हणणं. तिथल्या मानक संस्थेने ३२.५ फक्त प्लास्टरसाठी, बांधकामाला ४२.५, पुलांना ५२.५ अशी वाटणी केली. उत्पादकांत भांडण लागलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागोस शहरात एका चर्चची अतिथी-इमारत पडून ११६ जण गेले. ग्रेडचा नियम वाईट नाही. पण ग्रेड म्हणजे दर्जा नव्हे. तो एका ठरावीक चाचणीतल्या ताकदीचा आकडा आहे. ३२.५ च्या सिमेंटनेही योग्य प्रमाणात योग्य काँक्रीट होतं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? दुकानात जाऊन लोक ‘५३ चंच द्या’ म्हणतात, जणू परीक्षेतले मार्क. ५३ ला सुरुवातीला ऊष्णता जास्त सुटते, पाणी मारण्यात हयगय झाली तर भेगाही लवकर येतात. मोठा आकडा आणून हयगय केली की निकाल लहान आकड्याहून वाईट.

इतकं बोलल्यावर कुणी म्हणेल, सर सिमेंट कंपन्यांची वकिली करताहेत. नाही. सिमेंटमध्ये भेसळ होते. रिकामी पोती जमवून त्यांत राख, दगडाची भुकटी मिसळून पुन्हा शिवणारे लोक आहेत. पावसाळ्यात ओल लागून गठ्ठे झालेलं सिमेंट कुटून, चाळून वापरणारेही आहेत. नुसतं पडून राहिलेलं सिमेंटही तीन महिन्यांत ताकदीचा साधारण पाचवा हिस्सा गमावतं. राखेबद्दल मात्र एक गैरसमज काढतो : कारखान्यात मोजून मिसळलेली औष्णिक केंद्राची राख म्हणजे भेसळ नव्हे. ते पीपीसी, मान्य असलेलं सिमेंट आहे, आणि नीट पाणी मारलं तर खाऱ्या हवेत चांगलं टिकतं. गोदामात चोरून मिसळलेली राख ही भेसळ. पदार्थ एकच, फरक मोजण्याचा आणि सांगण्याचा. म्हणून सिमेंटचा संशय घेऊ नका असं मी म्हणतच नाही. संशय घेतलात तर तो प्रयोगशाळेपर्यंत न्या, एवढंच. संशय टपरीवरच ठेवला तर तो तपासाच्या ऐवजी वापरला जातो.

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. आमची इमारत १९८४ ची. मी सहा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्या काळात पार्किंगमधल्या एका तुळईवर तांबूस रेघ उमटली. एका इंजिनिअरने पाहून सांगितलं, वरच्या बाथरूमची गळती थांबवा, तुळई उघडून सळई साफ करून घ्या. खर्चाचा आकडा मोठा होता. सभेत एक जण म्हणाले, “परमिटच्या काळातलं सिमेंट आहे, ते असंच असणार. त्याला आता काय करणार?” सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही. आम्ही रंग काढला. तुळईवरसुद्धा रंग दिला, तांबूस रेघ झाकली गेली आणि त्या ठरावावर सही माझी आहे.

तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने करावं लागतं, तसं आमचंही उशिराने झालं. ऑडिटवाल्या मुलीने गोल नळीसारखे नमुने कापून काढले. त्यांवर एक औषध फवारलं, फिनॉल्फ्थॅलीन. काँक्रीट निरोगी असेल तिथे गुलाबी होतं, हवेने मारलेलं असेल तिथे पांढरंच राहतं. आमच्या तुळईचा गाभा छान गुलाबी झाला. वरची इंचभर कड पांढरी, आणि सळई नेमकी त्या कडेतच होती, कारण सळईवर पाऊण इंचही काँक्रीट राखलं नव्हतं. तुळईला त्या वेळीही एक इंच राखायला हवं होतं. मी विचारलं, “सिमेंट वाईट होतं ना?” ती म्हणाली, “काका, सिमेंट तर अजून चांगलं आहे. तेव्हाच्या नियमाला एम-१५ चालायचं, तेवढं भरतंय. पाणी कधीपासून गळतंय?”

मी तारीख सांगितली. तारीख मला पाठ होती, कारण ठरावावर होती.

आमची इमारत पडली नाही. टेकू लावले, दुरुस्ती झाली, खर्च पहिल्या आकड्याच्या साडेतीन पट. पण पडली असती तर दुसऱ्या दिवशी काय बोललं गेलं असतं, हे मला ठाऊक आहे. जिवंत असतो तर मीच बोललो असतो.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

श्रोत्या : सर, आमच्या इमारतीत एका कॉलमला उभी भेग आहे. सोसायटी म्हणते, प्लास्टरची आहे. कसं ओळखायचं?

वक्ते : तुम्ही-मी नाही ओळखायचं. पण बोलावण्यापुरतं बघता येतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, वाढते का बघा. सळईच्या रेषेत सरळ उभी असेल, तांबूस पाणी झिरपत असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर ती प्लास्टरपुरती नाही असं धरून चाला. थोडं प्लास्टर काढलं की आतलं दिसतं. आणि दारं अचानक अडकायला लागली किंवा कटकट आवाज आले तर माणसं बाहेर काढायची, सभा नंतर घ्यायची. भेग कुठल्या मजल्यावर आहे?

श्रोत्या : तळमजल्यावर. दुकानाच्या आत. काम चालू आहे तिथे, आत येऊ देत नाहीत.

वक्ते : काम चालू आहे? कसलं काम?

श्रोत्या : जागा वाढवताहेत म्हणे.

वक्ते : मग पुढचे प्रश्न राहू देत. ताई, तुम्ही पुढे या. वॉर्ड ऑफिसला आणि पोलीस ठाण्याला द्यायचा अर्ज आत्ताच लिहू, कुणाकडे कोरा कागद आहे का बघा. सभागृहात कुणी स्ट्रक्चरल इंजिनिअर असतील तर त्यांनीही कृपा करून इकडे यावं.